खाण संपल्यावर जमीन ‘पूर्ववत’ करणे म्हणजे नेमके काय परत करणे?

ढेकूळ (धागाकर्ता)

खाणीसाठी जमीन घेतली जाते तेव्हा ‘काम संपल्यावर जमीन पूर्ववत करून दिली जाईल’ असे एक वाक्य कागदपत्रांत कुठे ना कुठे असतेच. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की आता ‘पूर्ववत’ या शब्दापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उघड्या खाणीत आधी झाडे जातात, मग वरची माती, मग मुरूम आणि शेवटी खडक. फोडलेला खडक मूळच्या घट्ट खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे खनिजाचा थर पातळ असेल तर खड्डा भरूनही वर ढीग उरतो, आणि थर जाड असेल तर सगळा ढीग परत लोटला तरी खड्डा बुजत नाही. दोन्ही परिस्थितींत जमिनीची उंची, उतार, पाण्याच्या वाटा आणि थरांचा क्रम बदललेला असतो. तेव्हा हे वचन शब्दशः पाळता येणारे नाही, हे आधी मान्य करू आणि मग काय परत करता येते यावर बोलू.

माझ्या समजुतीप्रमाणे आपण एकाच शब्दात तीन वेगळी कामे कोंबतो. पहिले काम म्हणजे जागा निर्धोक करणे, म्हणजे कडा ढासळणार नाहीत आणि विषारी पाणी बाहेर पडणार नाही इतके पाहणे. दुसरे काम म्हणजे जागा कशाच्या तरी उपयोगाची करणे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे चिनी मातीच्या एका संपलेल्या खाणीत २००१ साली ‘ईडन प्रोजेक्ट’ हे प्रचंड काचघरसदृश उद्यान सुरू झाले. तेथे माती नव्हतीच, म्हणून खाणीतील टाकाऊ पदार्थ आणि कुजवलेला हिरवा कचरा एकत्र करून सुमारे ८५ हजार टन माती तयार करावी लागली. काम उत्तमच आहे, परंतु खाणीपूर्वी तेथे जे होते ते काही परत आले नाही. तिसरे काम म्हणजे मूळच्या वनस्पती, प्राणी, माती आणि पाणी यांचे परस्परसंबंध पुन्हा जुळवून आणणे, आणि हेच सर्वांत अवघड आहे. जाहिरातीत मात्र पहिल्या कामाच्या जोरावर तिसऱ्याचे श्रेय घेतले जाते.

माझा मुख्य मुद्दा कालावधीचा आहे. अमेरिकेत १९७७ साली कोळशाच्या उघड्या खाणींसाठी केंद्रीय कायदा झाला आणि त्यात खाणमालकाची जबाबदारी शेवटच्या पेरणीनंतर ५ वर्षे, तर २६ इंच किंवा त्याहून कमी पावसाच्या प्रदेशात १० वर्षे ठरवण्यात आली. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला मान्य आहे. परंतु पाच वर्षांत जमिनीवर काय दिसू शकते? गवत दिसते. माती घडत आहे की नाही, भूजल कोणत्या दिशेने चालले आहे, ढिगाच्या पोटातील खडक आम्ल सोडू लागला आहे की नाही, यांपैकी काहीही पाच वर्षांत खात्रीने कळत नाही. जे मोजले जाणार तेच केले जाणार, आणि गवत मोजले जात असेल तर गवतच उगवणार. ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे किंवा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. केवळ ‘खाणी हव्यात की नकोत’ हा वाद या धाग्यावर नको, ही विनंती.


उतारमापक

मी एका उघड्या खाणीत अकरा वर्षे सर्वेक्षक होतो. खाणीचे नाव देण्याचे कारण नाही, कारण जे सांगणार आहे ते बहुतेक ठिकाणी घडते.

आमच्या आराखड्यात वरची माती स्वतंत्र काढून स्वतंत्र साठवायची असे स्पष्ट लिहिले होते, आणि तशी ती साठवलीही होती. चूक साठवण्यात नव्हती, साठवण्याच्या रीतीत होती. जागा कमी पडत होती म्हणून मातीचा ढीग आठ-नऊ मीटर उंच झाला. पावसाळ्याच्या तोंडावर घाई होती म्हणून ओली मातीच डंपरने भरली गेली, आणि ढिगावर डोझर फिरून ती आणखी दाबली गेली. नऊ वर्षांनी तो ढीग उघडला तेव्हा आतली माती राखाडी पडलेली होती आणि तिला साचलेल्या गटाराचा वास येत होता. हवा न मिळाल्याने आतले जीवन संपले होते. गांडुळे नव्हती, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी नव्हती, बिया कुजल्या होत्या. कागदावर मात्र ‘साठवलेली वरची माती’ या रकान्यातील घनमीटर तंतोतंत जुळत होते, आणि ते मोजणारा मीच होतो. घनमीटर जुळले म्हणजे माती जुळली, असे मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत असे.

तेव्हापासून माझे मत असे आहे की माती साठवण्याची वस्तूच नव्हे. एका पट्ट्यातून काढलेली माती त्याच आठवड्यात आधीच्या भरलेल्या पट्ट्यावर पसरता आली पाहिजे, आणि खाणकामाचा क्रमच तसा लावला पाहिजे. साठवणे अटळ असेल तर ढीग बुटके ठेवावेत, त्यांवर शेंगवर्गीय पीक वाढवावे आणि ओल्या मातीला हात लावू नये. यासाठी नवे यंत्र लागत नाही. ओल्या दिवसांत काम थांबवण्याची परवानगी मात्र लागते, आणि ती मिळवणे यंत्र मिळवण्यापेक्षा कठीण असते.


रानबीज

उतारमापक यांनी सांगितलेली ताज्या मातीची पद्धत पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा वृक्षांच्या जंगलात पद्धतशीरपणे वापरली गेली आहे. तेथे १९६३ पासून बॉक्साइट (ॲल्युमिनियमचे खनिज) काढले जाते. बियांचा बहुतांश साठा मातीच्या अगदी वरच्या काही सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणून वरचा सुमारे १५ सेंटिमीटरचा थर वेगळा आणि त्याखालचा थर वेगळा असा दोनदा सोलून, त्याच क्रमाने शेजारच्या संपलेल्या खड्ड्यावर पसरतात. त्याआधी खड्ड्याचा तळ खोलवर नांगरून मोकळा करतात, कारण अवजड वाहनांनी तो फरसबंदीसारखा झालेला असतो. तरीही गवतासारख्या दिसणाऱ्या लव्हाळवर्गीय वनस्पती परत येईनात. त्या मूळच्या खोडापासून फुटतात आणि बी फारच कमी धरतात, म्हणून त्यांची रोपे प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने तयार करून लावावी लागली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९८८ पर्यंत तेथे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातील निलगिरीच्या जाती लावल्या जात होत्या, कारण जाराला मुळे कुजवणाऱ्या एका रोगाने ग्रासले होते. म्हणजे एकाच जंगलात, एकाच खनिजासाठी, ‘पुनर्स्थापना’ या शब्दाचा अर्थ पाव शतकात बदलला.

आता धागाकर्त्यांच्या कालावधीच्या मुद्द्याकडे येतो. १९७७ च्या त्या कायद्याचे ॲपलाचियन डोंगररांगांत जे झाले ते कुणाच्या बेइमानीमुळे झाले नाही, आणि म्हणूनच ते अधिक शिकवणारे आहे. कायद्याला भीती होती ती कोसळणाऱ्या उतारांची आणि वाहून जाणाऱ्या मातीची. म्हणून उतार पुन्हा मूळच्या आकाराला आणणे, ते गुळगुळीत करणे आणि लवकर हिरवे करणे यावर भर आला. कंत्राटदारांनी डोझर पुन्हापुन्हा फिरवून जमीन घट्ट केली आणि फेस्क्यू जातीचे झपाट्याने पसरणारे गवत पेरले. तपासणी अधिकारी समाधानी झाला, खाणमालकाने हमी म्हणून ठेवलेली रक्कम परत मिळाली, आणि जेथे पूर्वी ओक, ट्युलिप पॉप्लर यांचे घनदाट जंगल होते तेथे वर्षानुवर्षे गवताळ माळ राहिला. झाडांची मुळे त्या घट्ट जमिनीत शिरू शकत नव्हती आणि जी रोपे शिरली त्यांचे पाणी गवत पिऊन टाकत होते.

पुढे २००४ च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञ आणि नियामक अधिकारी एकत्र आले आणि त्यांनी वेगळी पद्धत पुढे आणली. तिच्यात किमान ४ फूट खोल, सैल टाकलेला थर ठेवतात, विरळ वाढणारे गवत पेरतात आणि लवकर वाढणारी व दीर्घायुषी अशी दोन्ही प्रकारची झाडे लावतात. अशी जमीन दिसायला ओबडधोबड असते, खड्डे-उंचवट्यांची असते. त्यामुळे सुरुवातीला ती ‘अर्धवट काम’ वाटत असे. गुळगुळीतपणा हे चांगल्या कामाचे लक्षण आहे, ही समजूत मोडायला पंचवीस-तीस वर्षे लागली.


सहज विचारलं

मी या विषयातला नाही, केवळ वाचक आहे. एक बाळबोध शंका आहे. झाडे लावणे इतके कठीण असेल, तर जमीन नुसतीच सोडून का देत नाहीत? पडक्या भिंतीवरसुद्धा पिंपळ उगवतो.


रानबीज

शंका बाळबोध नाही, या क्षेत्रात त्यावर बरेच काम झाले आहे. चेक प्रजासत्ताकात सोकोलोव्ह आणि मोस्त या भागांत लिग्नाइटच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशाच्या, मोठ्या खाणी आहेत. तेथील काही ढीग सपाट करून, माती पसरून, झाडे लावून रीतसर तयार केले गेले, तर काही ढीग यंत्राने टाकले तसेच, लाटांसारख्या ओळींमध्ये राहिले. अनेक दशकांच्या निरीक्षणांतून असे दिसले की आपोआप झाडोरा आलेल्या जागांवर दुर्मिळ कीटक आणि वनस्पती बरेचदा रीतसर तयार केलेल्या जागांपेक्षा अधिक आढळतात. लाटांच्या खळग्यांत पाणी आणि पालापाचोळा साठतो, विलो आणि बर्चचे बी वाऱ्याने येते, आणि सुमारे दोन दशकांनी गांडुळे येऊन पोहोचली की पाचोळा खनिज मातीत मिसळू लागतो. माती खऱ्या अर्थाने तिथून पुढे बनते. सपाट करण्यात खर्च होतो आणि नेमके तेच खळगे नष्ट होतात.

मात्र हा उपाय सर्वत्र चालत नाही. बी येण्यासाठी जवळपास बऱ्या अवस्थेतले जंगल किंवा गवताळ प्रदेश शिल्लक असावा लागतो आणि ढिगाचे द्रव्य विषारी नसावे लागते. शिसे किंवा जस्ताच्या खाणींचा टाकाऊ गाळ शंभर वर्षे उघडा पडून राहिला तरी त्यावर काही उगवत नाही अशा जागा आहेत. ब्रिटिश परिसंस्थाशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी अशाच जागांचा अभ्यास केला. जुन्या धातूखाणींच्या ढिगांवर जी थोडीफार गवते तग धरून होती, ती त्याच जातीच्या शेजारच्या कुरणातील गवतांपेक्षा आनुवंशिकदृष्ट्या वेगळी, धातू सहन करणारी झाली होती. त्यांतूनच पुढे मुद्दाम अशा जागांसाठी बियाण्याचे वाण निघाले. ब्रॅडशॉ यांचे दुसरे निरीक्षण नायट्रोजनविषयी होते. जमीन आपल्या बळावर झाडोरा पोसू लागण्यासाठी दर हेक्टरी साधारण १००० किलो नायट्रोजन साठावा लागतो. खताच्या दोन पोत्यांनी हे भागत नाही, शेंगवर्गीय वनस्पतींनी वर्षानुवर्षे तो हवेतून आणावा लागतो. पाच वर्षांची मुदत आणि हा हिशेब शेजारी ठेवून पाहावा.

पिंपळाच्या उदाहरणाबद्दल एवढेच म्हणतो की तो भिंतीच्या भेगेत उगवतो. भेगा बुजवून गिलावा केला की तोही उगवत नाही.


सामू सात

आतापर्यंतची चर्चा मातीवर आणि झाडांवर झाली. माझ्या मते खाणीचा खरा वारसा पाणी आहे, आणि त्यात मुदतीचा प्रश्न आणखी बिकट होतो.

कोळशाच्या आणि अनेक धातूंच्या खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे संयुग असते. जमिनीखाली हवा नसते तोवर ते निरुपद्रवी पडून राहते. खाणीमुळे खडक फुटतो, त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, हवा आणि पाणी आत शिरते आणि पायराइटपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. हे आम्ल शेजारच्या खडकांतील तांबे, जस्त, कॅडमियम, अर्सेनिक विरघळवून घेते. लोहाचे भक्षण करणारे काही जीवाणू याच आम्लात आनंदाने वाढतात आणि सगळी क्रिया कितीतरी पटींनी वेगवान करतात. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन या जुन्या खाणीत भूमिगत पाण्याचा सामू (पीएच, जो जितका कमी तितके आम्ल तीव्र) उणे ३.६ इतका मोजला गेला आहे. सामू शून्याखाली जाऊ शकतो हेच मुळात अनेकांना माहीत नसते. ही क्रिया पायराइट संपेपर्यंत चालते, आणि तो संपायला शतके लागू शकतात. स्पेनमधील रिओ टिंटो नदीच्या खोऱ्यात सुमारे पाच हजार वर्षे खाणकाम होत आले आहे आणि ती नदी आजही लाल आणि आम्लधर्मी वाहते.

खाण चालू असते तेव्हा पंप चालू असतात, म्हणून प्रश्न दिसत नाही. पंप बंद झाला की पाणी चढते. अमेरिकेतील ब्यूट येथील बर्कली पिट या तांब्याच्या खाणीचे पंप १९८२ साली बंद झाले आणि खड्ड्यात आम्लाचे सरोवर तयार झाले. १९९५ साली त्यावर उतरलेले तीनशेहून अधिक हिमहंस मरण पावले, आणि २०१६ साली हजारो. पाण्याची पातळी भोवतालच्या भूजलापेक्षा वर जाऊ दिली तर उलट प्रवाह सुरू होईल, म्हणून तेथे पाणी उपसून शुद्ध करणे कायमचे चालू ठेवावे लागणार आहे. कॉर्नवॉलमधील व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली आणि जानेवारी १९९२ मध्ये तिच्यात चढलेले पाणी फुटून खाडी नारिंगी झाली. बंद होण्यापासून अनर्थापर्यंत वर्षसुद्धा गेले नाही.

उपाय आहेत. चुनखडीच्या चरांतून पाणी खेळवले की आम्ल मंदावते. मात्र हवा लागली तर चुनखडीवर लोहाचा गंज चढून ती निकामी होते, म्हणून चर बंदिस्त ठेवावे लागतात. पाणथळ जागा तयार करून धातू गाळात बसवता येतात, पण तो गाळ पुढे कुठेतरी टाकावा लागतो. सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे खाणकामाच्या आधी खडकांचे नमुने तपासून आम्ल देणारा खडक वेगळा ओळखणे आणि तो ढिगाच्या वर न टाकता खोल, पाण्याखाली पुरणे. पाण्यातून प्राणवायू हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश झिरपतो, म्हणून पाण्याचे झाकण सर्वोत्तम ठरते.


उतारमापक

सामू सात यांच्याशी शेवटच्या वाक्यावर मला भांडावे लागेल. रसायनशास्त्राला पाण्याचे झाकण हवे असते आणि स्थैर्यशास्त्राला नेमके तेच नको असते.

खनिज वेगळे केल्यावर उरणारा बारीक गाळ, ज्याला आम्ही टेलिंग्ज म्हणतो, बहुधा बांध घालून साठवलेला असतो. हा बांध धरणासारखा एकदाच बांधत नाहीत. गाळ वाढेल तसा, पुष्कळदा त्या गाळाच्याच पायावर, तो वाढवत नेतात. असा गाळ पाण्याने भिजलेला राहिला तर एखाद्या क्षणी तो घन पदार्थासारखा वागणे सोडून द्रवासारखा वाहू लागतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथील बांध २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला आणि २७० जण दगावले. त्या बांधात २०१६ पासून नवा गाळ टाकला जात नव्हता. ‘वापरात नाही’ आणि ‘सुरक्षित आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे तिथे कळले. वेल्समधील अबेरफान येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीचा ढीग शाळेवर घसरला आणि ११६ मुले व २८ मोठी माणसे मृत्युमुखी पडली. तो ढीग झऱ्यांवर टाकलेला होता. आपण ढिगाचा उतार किती अंश यावर वाद घालतो, पण ढिगाखाली कोणता झरा होता हे जुन्या नकाशावर पाहण्याचे कष्ट घेत नाही.

हेच खड्ड्यांतील तलावांचे. जर्मनीच्या लुसाटिया भागात लिग्नाइटच्या खाणींचे तलाव केले गेले, त्यांपैकी सेनफ्टनबर्गचा तलाव १९७३ पासून लोकांसाठी खुला आहे आणि तो यशस्वी मानला जातो. परंतु अशा तलावांच्या काठी सैल टाकलेली वाळू असते आणि भूजल वर आले की ती वाळू अचानक वाहू लागते. त्यासाठी काठाची वाळू कंपन देऊन किंवा लहान स्फोट करून आधी घट्ट करावी लागते. नाख्टरश्टेट येथे १८ जुलै २००९ रोजी भरत असलेल्या तलावाच्या काठाचा मोठा तुकडा घरांसकट पाण्यात गेला आणि तीन माणसे मृत्यू पावली. त्या घटनेमागे खालच्या थरातील भूजलाचा दाब होता.

म्हणून रानबीज यांना माझा प्रश्न आहे. तुम्हाला सैल जमीन हवी, मला घट्ट. कुणाचे ऐकायचे?


रानबीज

दोघांचेही ऐकता येते, कारण आपण वेगवेगळ्या खोलीबद्दल बोलत आहोत. ढिगाचा गाभा तुमच्या म्हणण्याप्रमाणे थराथराने दाबून भरावा आणि वरचे दीड मीटर माझ्या म्हणण्याप्रमाणे सैल टाकून त्याला पुन्हा डोझरचा स्पर्श होऊ देऊ नये. व्यवहारात गोंधळ होतो तो असा, की गाभा कुणी दाबत नाही कारण तो झाकला जाणार असतो, आणि वरचा थर सगळे दाबतात कारण तो दिसणार असतो.

जर्मनीच्या ऱ्हाइन भागातील लिग्नाइट खाणींचे शेतीचे उदाहरणही इथे उपयोगी आहे. तेथे लोएस ही वाऱ्याने आणलेली सुपीक माती सुमारे दोन मीटर जाडीने पसरतात, पहिली काही वर्षे लसूणघास घेतात, आणि सुमारे सात वर्षे जपून मशागत केल्यावरच जमीन शेतकऱ्याच्या हाती देतात. लसूणघासाची मुळे खोल जातात, त्यामुळे मातीला पोत येतो. त्या काळात जड यंत्र चुकीच्या दिवशी घातले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.


करारनामा

मी कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. वर सगळे ‘काय करावे’ यावर बोलत आहेत आणि ‘कुणाच्या पैशाने’ हा प्रश्न बाजूला राहिला आहे.

खाणीचे उत्पन्न सुरुवातीला येते आणि बंद करण्याचा खर्च शेवटी, म्हणजे उत्पन्न थांबल्यानंतर येतो. त्यामुळे रक्कम आधीच बाजूला ठेवून घेणे हाच एक व्यवहार्य मार्ग आहे. यासाठी अनामत, बँक हमी, विमा किंवा त्रयस्थाच्या ताब्यातील खाते अशा पद्धती आहेत. भारतातही कोळसा खाणींसाठी २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा खात्याची तरतूद केली. अमेरिकेत मात्र काही राज्यांनी मोठ्या कंपन्यांना ‘आमचा ताळेबंद भक्कम आहे’ एवढ्याच आधारावर स्वतःची हमी स्वतः देण्याची मुभा दिली होती. २०१५-१६ मध्ये कोळशाचे भाव पडले, तशा हमी दिलेल्या मोठ्या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या, आणि ज्या क्षणी हमीची गरज होती त्याच क्षणी ती कागदाच्या किमतीची ठरली.

कायमच्या जबाबदारीबाबत दोन उदाहरणे एकमेकांसमोर ठेवतो. कॅनडातील येलोनाइफ येथील जायंट माइन या सोन्याच्या खाणीत सोने काढताना निघालेली २ लाख ३७ हजार टन अर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी भूमिगत कोठारांत आहे. ती पाण्यात विरघळते. तेव्हाचा मालक १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि ओझे सरकारवर आले. भोवतालची जमीन गोठवून ती भुकटी जागच्या जागी अडकवून ठेवणे हा तेथे निवडलेला मार्ग आहे, म्हणजे कुणीतरी अखंड पहारा देणे आलेच. दुसरीकडे जर्मनीच्या रूर भागात, जेथे खोल कोळसाखाणींमुळे शहरांखालची जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे, २००७ साली एक प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली, पण पाणी उपसण्याचे काम या प्रतिष्ठानाच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून चालते. तिकडे अशा कामांसाठी जो अधिकृत शब्द आहे त्याचा अर्थ ‘चिरंतन कामे’ असा होतो. मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. पंप थांबला तर वस्त्यांमध्ये पाणी साचेल, हे ते लपवत नाहीत.

धागाकर्त्यांच्या गवताच्या मुद्द्याशी जोडून एक नोंद देतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी असा आदेश दिला की खाणपट्टा देताना, काम संपल्यावर त्या क्षेत्रात पुन्हा गवत उगवून देण्याची अट घालावी. चाऱ्याच्या दृष्टीने ही अट महत्त्वाची आहे. ॲपलाचियन अनुभव वाचल्यावर मात्र मला असे वाटते की अटीची अंमलबजावणी करणाऱ्याने कोणते गवत, किती खोल मातीवर, आणि कितव्या वर्षी तपासायचे, हे लिहून घेतले नाही तर ती अट अक्षरशः पाळूनही वाया जाऊ शकते.


सहज विचारलं

धातू शोषून घेणाऱ्या वनस्पती असतात असे वाचले आहे. त्या लावून जमीन स्वच्छ करता येत नाही का?


सामू सात

असतात. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, ज्याचा चीक निळसर हिरवा असतो, कारण त्यात निकेल भरलेले असते. वाळलेल्या चिकाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल भरते. निकेलच्या बाबतीत अशा वनस्पतींकडून धातू मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु शिसे आणि अर्सेनिक यांनी खोलवर दूषित झालेल्या ढिगाबाबत हिशेब जमत नाही, कारण मुळे पोहोचतात तेवढ्याच थरातून धातू निघतो, तोही कित्येक पिकांनंतर, आणि कापलेला पाला स्वतःच घातक कचरा ठरतो. वनस्पतींचा अधिक खात्रीचा उपयोग धातू जागच्या जागी रोखण्याचा आहे. ब्रॅडशॉ यांच्या गवतांचे काम तेच होते, म्हणजे धूळ उडू न देणे आणि पाणी आत झिरपू न देणे.


ढेकूळ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझ्या मूळ मांडणीत एक दुरुस्ती करतो. मी तीन कामे वेगवेगळी सांगितली होती आणि पहिले, म्हणजे जागा निर्धोक करणे, त्यांतल्या त्यात सोपे आहे असे गृहीत धरले होते. उतारमापक आणि सामू सात यांचे प्रतिसाद वाचून ते मागे घेतो. जंगल परत आणण्याचे काम पन्नास-शंभर वर्षांत निसर्गाच्या हाती सोपवता तरी येते. पाण्याचे आणि बांधाचे काम कुणाकडेच सोपवता येत नाही.

कायद्याने मुदत वर्षांत न सांगता अवस्थेत सांगावी, असे आता मला वाटते. ‘पाच वर्षे’ म्हणण्याऐवजी ‘बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू उपचाराविना अमुक काळ स्थिर राहीपर्यंत’ आणि ‘लावलेल्या झाडांखाली त्यांचीच पुढची पिढी उगवेपर्यंत’ अशी ती असावी. मालकांना ती अन्यायकारक वाटेल, हे दिसते आहे. परंतु तसे असेल तर त्या खनिजाची खरी किंमत आपण आजवर कमी सांगत होतो, असाच त्याचा अर्थ निघतो.


करारनामा

कल्पना योग्य आहे, पण एक व्यावहारिक अडचण सांगतो. कधीच न सुटणारी अनामत कुणी विमा कंपनी स्वीकारत नाही. टप्प्याटप्प्याने रक्कम मोकळी करणे, आणि शेवटचा, पाण्यापुरता हिस्सा स्वतंत्र निधीत कायमचा वळवणे, हा मधला मार्ग ठरू शकतो. टप्पे मात्र लेखी आणि मोजता येण्याजोगे हवेत. नाहीतर पहिल्याच टप्प्यात बहुतेक रक्कम सुटते.


सहज विचारलं

शेवटची शंका. माझ्यासारख्या माणसाला अशी ‘पुनर्स्थापित’ जमीन दाखवली आणि ती चांगली झाली आहे असे सांगितले, तर उपकरणांशिवाय काय पाहावे?


उतारमापक

पावसानंतर दुसऱ्या दिवशी जावे. फावडे न्यावे आणि मांडीभर खोल खड्डा खणावा. फावडे वीतभर जाऊन टणत्कार करू लागले, तर वरचे हिरवेपण वीतभरच आहे असे समजावे. खड्ड्याच्या भिंतीत मुळे सरळ खाली जातात की एका पातळीवर आडवी वळतात ते पाहावे. आडवी वळत असतील तर तिथे डोझर फिरलेला आहे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते जिरायला किती वेळ लागतो हे पाहावे, आणि शेजारच्या खाण न झालेल्या जमिनीत तसाच खड्डा खणून तेच करावे. एका खड्ड्यावरून काही कळत नाही, दोन शेजारी असले की कळते.


सामू सात

आणि ढिगाच्या पायथ्याशी, जिथून पाणी पाझरते तिथे जावे. दगडांवर नारिंगी किंवा पिवळट साय धरली असेल, तर वर कितीही झाडे असोत, खाली काम चालू आहे. पाणी अगदी नितळ, निळसर स्वच्छ दिसले आणि त्यात एकही किडा नसला, तर मी अधिक काळजी करतो. पुष्कळ आम्ल असले की पाण्यात शेवाळ-गाळ टिकत नाही आणि लोक त्यालाच निर्मळ समजतात.


रानबीज

माझ्याकडून एकच भर घालतो. लावलेली झाडे मोजू नयेत, ती ओळींवरून लगेच ओळखू येतात. ओळींच्या मधे, कुणीही न लावलेले एखादे रोप आहे का ते शोधावे, आणि ते कोणत्या जातीचे आहे हे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच जागी परत जावे.